दोन जामीन, एक सरपंच

मुरूम
२८ नोव्हेंबर २०२५

उत्कर्षचे बाबा यांस मथुराचा नमस्कार.

सुखरूप पोचले. दैवशालाअक्का आन् दाजी दोघं बी बरे हायेत. फोन बंद ठिवा, फोनवरनं माणूस सापडतं, असं वकीलबाईंनी बजावलं म्हणून हे पत्र. दाजींच्या आडतीचा टेंपो घिऊन गुंडाप्पा धाराशिवला येतो, त्याच्याजवळ दिलंय. सातवीच्या परीक्षेत 'मामास पत्र' लिवलं होतं, त्याच्यानंतर हेच. हसू नका.

अजून काळजाचं पाणी पाणी व्हायलंय. जमादार दारात येऊन 'सरपंच मथुराबाई!' म्हणून वरडला, तवा मी परसात म्हशीमागं उभी. म्या मागं वळून बघितलं, कुणाला बोलवायलेत म्हणून. चार वर्षांत मला पहिल्यांदा कुणी सरपंच म्हणलं, आन् ते पोलिसांनी! तुमी 'ती तुळजापूरला देवीला गेलीय' म्हणलाव म्हणून वाचले, न्हायतर माझी वरात चिंचहोळच्या येशीतनंच निघाली असती.

आता मला नीट सांगा. गावात सौरदिवे बसवले म्हणून बिल उचललं, निम्मे दिवे जाग्यावर न्हायीत, आन् बिलावर सही माझी. हितवर समजलं. पर दिवे गेले कुठं?

हे इचारायचं कारण असं की अक्काच्या अंगणात एक सौरदिव्याचा खांब हाय. लई झ्याक उजेड पडतो. त्याच्यावर पत्र्याची पाटी हाय, 'ग्रामपंचायत चिंचहोळ' म्हणून. अक्का म्हणती, 'बलभीमरावांनी दिवाळीची भेट दिली.' आवो, आपल्या गावच्या दिव्याला पाय फुटले का काय?

तुमची,
मथुरा

*

चिंचहोळ, बेंबळीजवळ
१ डिसेंबर २०२५

सौ. मथुराबाईस बलभीमचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर बरे आहे. मात्र पत्रात केसबद्दल असले सवाल करत जाऊ नये, ही सूचना.

घाबरायचं काम न्हाय. राजकारणात केस म्हणजे कपाळाचं गंध, त्याच्याशिवाय माणूस शोभत न्हाय. ठेकेदार आत गेलाय, ग्रामसेवक पळालाय, आता राहिली तू. तुझा अटकपूर्व जामीन आपण सेशन कोर्टात टाकतोय. अटकपूर्व म्हणजे पोलिसांनी धरायच्या आधीच कोर्टानं सांगायचं, हिला धरू नका. वकीलबाई म्हणजे आपल्या विष्णुपंत गुरुजींची लेक चारुशीला, तुळजापूरची. गुरुजींनी शाळेत मला लई बदडलं, त्याची भरपाई म्हणून पोरगी मन लावून काम करील असा माझा हिशेब हाय.

आता नीट ध्यान देऊन वाच. आपली लाइन सरळ हाय. तुला काहीच कळत न्हाय! बाईमाणूस, चूल आन् म्हैस, बाकी दुनिया ठाऊक न्हाय. वकीलबाई तुझ्याकडं सह्या घ्यायला येईल तवा एवढंच म्हणायचं, 'मला काय ठावं न्हाय, मालक दावतील तिथं सही करते.' याच्या बाहेर एक शब्द बोलू नकोस. सरपंचकी बायकांसाठी सुटली तवा तुला उभं केलं, निवडून आणलं, चार वर्षं एकट्यानं कारभार हाकला. आता हे बी पार पाडतो. माझ्यावर सोड.

त्या खांबावर गोणपाट टाक.

आंबाडीची भाजी कशी शिजवतात ते उलट टपाली कळव. मी केली ती म्हशीनं बी खाल्ली न्हाय.

बलभीम

*

मुरूम
६ डिसेंबर २०२५

उत्कर्षचे बाबा यांस नमस्कार.

वकीलबाई येऊन गेल्या. लई मायाळू बाई. म्या तुमी लिवल्यापरमानं म्हणलं, 'मला काय ठावं न्हाय.' त्या म्हणल्या, 'काकू, म्हणजे नेमकं कसं?' मग म्या सांगत बसले. शिक्का तुमच्या खिशात असतो. जीपच्या काचेवर 'सरपंच' लिवलंय, पर त्या जीपमधी मी बसले ती फकस्त येडशीला, रामलिंगाच्या दर्शनाला, ती बी मागच्या सीटवर. कागद आला की तुमी जेवता जेवता बोट दावताव, मी पदराला हात पुसून सही करते. एका कागदावर वरणाचा डाग बी पडला होता, ते म्या सांगितलं. बाईंनी सगळं लिवून घेतलं. तुमी शिकवलेलं बोलताना मला खोटं बोलावं लागलं न्हाय, असं पहिल्यांदाच झालं बगा.

गोणपाट टाकलं. तर शेजारची नागम्मा संध्याकाळी येऊन कानडी-मराठीत भांडली. त्या दिव्याखाली तिच्या शेवया वळायच्या, गल्लीतल्या बाया बसायच्या. म्या म्हणलं, दिव्याला दृष्ट लागली. ती म्हणाली मग मिरच्या ओवाळा, गोणपाट कशाला? आन् तिनं खरंच मिरच्या ओवाळून गोणपाट काढून टाकलं. आता काय करू?

आजून एक. तक्रार गिरिजाबाईनं दिली असं बाई म्हणल्या. आपली गिरिजाबाई! बचत गटात माझ्या मांडीला मांडी लावून बसणारी. तिच्या बोळात अंधार म्हणून तक्रार, आन् मी हिकडं आल्यावर ती त्याच अंधारात नालीत पडली, हात मोडला, हे मला कुणी सांगितलंच न्हाय. तुमाला ठावं होतं का? तिच्या बोळातला खांब म्हणजे अक्काच्या अंगणातला ह्योच तर न्हाय? उजेडात बसायला मला लाज वाटायली.

आंबाडीत मूठभर कण्या घाला आन् आधी उकडून पाणी काढा. लसणाची फोडणी सढळ हातानं.

मथुरा

*

चिंचहोळ
१२ डिसेंबर २०२५

सौ. मथुराबाईस आशीर्वाद.

आज कोर्टात तारीख होती. मथुरा, मैदान मारलं!

तुझं तिथं काम नव्हतं, म्हणून मी एकटाच गेलो. पांढरे कपडे, कडक इस्त्री, मागच्या बाकावर बसलो. आधी आपल्या वकीलबाई बोलल्या. तू किती अडाणी हाईस ते इतकं झकास सांगितलं की मलाच तुझी दया आली. मग सरकारी वकील उठले. म्हणले, 'जामीन देऊ नका, खांब कुठं गेले ते फकस्त सरपंचालाच ठाऊक हाय.' तवा जजसाहेबांनी चष्म्याच्या वरून सगळ्या कोर्टावर नजर फिरवली आन् इचारलं, 'सरपंच कोण?'

मी ताडकन उभा राहिलो. 'मीच साहेब!'

साहेबांनी मला फुडं बोलावलं. लई अदबीनं बोलले. 'किती वर्षं कारभार बघता?' 'चार वर्षं साहेब, एक दिवस रजा न्हाय.' 'आणि मथुराबाई?' 'ती घरी असती साहेब. तिला पंचायतीची पायरी ठाऊक न्हाय.' 'मग बिलांवर सही?' म्हणलं, 'सही तिची, डोकं माझं.' साहेब हसले. शेजारच्या बाईला सांगून माझा शब्द न् शब्द टाइप करून घेतला. एवढा मान आमदाराला बी मिळत न्हाय! सरकारी वकील तर माझ्याकडं टकामका बघतच राहिले.

वकीलबाईला मात्र सारखा ठसका लागत होता. मी पाण्याची बाटली दिली. कोर्टाबाहेर तिनं कपाळाला हात लावला आन् 'काका, तुम्ही आज कमाल केली' म्हणली. गुरुजींच्या घरातून आयुष्यात पहिली शाबासकी मिळाली.

निकाल सोमवारी. गिरिजाबाईच्या हाताचं तू मनाला लावून घेऊ नकोस. प्लॅस्टर हाय, निघंल. बोळात अंधार असला की माणसानं बघून चालावं.

आंबाडी जमली.

बलभीम

*

मुरूम
१५ डिसेंबर २०२५

उत्कर्षचे बाबा,

हे पत्र उभ्यानंच वाचा. बसू नका, तेवढा वख्त न्हाय.

माझा जामीन झाला. वकीलबाईंनी दाजींच्या फोनवर सगळा हुकूम वाचून दावला. साहेबांनी लिवलंय की ह्या बाईनं दुसऱ्याच्या सांगण्यावरनं सह्या केल्या, हिला कोठडीत घालायची गरज न्हाय. आन् त्याच्याच खाली लिवलंय की सरपंचाचा सगळा कारभार हिचे मालक करत होते, हे त्यांनी सवता भर कोर्टात उभं राहून सांगितलंय, तवा पोलिसांनी त्यांचा तपास करावा.

बाई म्हणल्या, 'काकू, तुमची केस मी नाही, काकांनी जिंकली.'

मला हसावं का रडावं कळंना. अक्का तर पदर तोंडात कोंबून हसायली. पर हसायची येळ न्हाय. तुमी लगोलग निघा. कडक इस्त्रीचं घालू नका. शुगरच्या गोळ्या घ्या, देव्हाऱ्याच्या फळीवर हायेत. जीप घिऊ नका, तिच्या काचेवर काय लिवलंय ते ध्यानात हाय ना? म्हशीला पेंड घाला, किल्ली गोठ्यात खुंटीला अडकवा, आन् मुरूमची एस्टी धरा. मी बी सकाळच्या गाडीनं गावाकडं निघते. गोळ्या इसरू नका.

मथुरा

*

मुरूम
२० डिसेंबर २०२५

सौ. मथुराबाईस,

नळदुर्गच्या स्टँडवर तू काय केलंस? मी तोंडाला मफलर बांधून, मान खाली घालून उभा. आन् तू समोरच्या एस्टीच्या खिडकीतनं, 'आवो उत्कर्षचे बाबा, गोळ्या घेतल्या का?' अर्ध्या स्टँडनं माझ्याकडं बघितलं! भजेवाला सुद्धा म्हणला, 'बलभीमराव, इकडं कुठं?' माणूस लपायला निघालाय याचं काही भान?

काल येळवस, म्हणजे येळा अमावस्या झाली. दाजींच्या रानात कडब्याची कोप केली होती. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी होती, बाजरीचे उंडे होते, आंबिलीचं मडकं होतं. सगळे हसत-खेळत जेवायले, आन् मला लांबवर सडकेला गाडीचा आवाज आला की मी ताट सोडून कोपीत शिरायचो. खरं सांगतो मथुरा, भ्या वाटतंय. कुणाला सांगायची सोय न्हाय म्हणून तुला लिवतोय. कोठडी काय असती ते ठेकेदाराला इचार. पन्नाशीच्या वर गेलेला माणूस, शुगर, गुडघे गेलेले.

आता कामाचं. माझा बी जामीन टाकायचाय. वकीलबाईला म्हणलं, लिहा की बलभीमचा पंचायतीशी काडीचा संबंध न्हाय. तर म्हणती, 'काका, तुम्ही कोर्टात काय म्हणालात?' हिलाच हा डाव पुरता कळलेला दिसत न्हाय. तवा तू असं कर. तुझ्या सहीचा कागद दे, की सगळे खांब तूच परस्पर दिले, मला पत्ता नव्हता. तुझा जामीन झालेलाच हाय, तुला कोण धरतंय? आन् जीपच्या काचेवरचं नाव ब्लेडनं खरवडून काढ.

अक्का भाकरी वाढताना हात आखडती. नागम्मा मला दिव्याचा पाव्हणा म्हणती. सगळी गल्ली हसती.

बलभीम

*

चिंचहोळ
२७ डिसेंबर २०२५

उत्कर्षचे बाबा यांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमी भ्यालाव असं कधी लिवलं न्हाय, बोलून बी दावलं न्हाय. माझ्याच्यानं व्हईल ते सगळं करीन. पर तो कागद मी देणार न्हाय.

आवो, खोटं बोलायचं तर दोघांचं जुळाय नको? कोर्टात लिवलंय की मथुराला काय कळत न्हाय. आता पंध्रा दिसांत मथुराला एकदम इतकं कळायला लागलं की ती खांब वाटायली? साहेब म्हणतील, ह्या बाईनं कुठली शिकवणी लावली. तुमी सुटायचं राहिलं, मी बी आत जाईन. आन् खरं बोलायचं तर मला राग हाय. लई राग हाय. भिंतीपलीकडं गिरिजाबाई एका हातानं भांडी घासती ते मला रोज दिसतं. चार वर्षं मी ताट वाढत होते आन् तुमी त्या ताटाशेजारी माझ्याकडनं तिच्या बोळातला उजेड काढून घेतलाव. एकदा बी म्हणला न्हाय, मथुरा, हे कशाचं हाय.

तिच्याशी बोलायचं न्हाय अशी कोर्टाची अट हाय, तक्रार तिची म्हणून. मी अट मोडत न्हाय. मी म्हशीशी बोलते. म्हणते, 'काय गं म्हशे, हात दुखतो का अजून?' भिंतीपलीकडनं ती तिच्या शेरडाला म्हणती, 'शेरडे, प्लॅस्टर निघालं, पर मूठ वळंना.' मी म्हशीला म्हणते, 'कोमट तेलानं चोळावं.' जमादार येऊन बघून गेला, त्याला काय लिवून घ्यावं ते सुचंना.

वकीलबाई म्हणत्यात, एकच वाट हाय. खांब कुठंकुठं गेले ते तुमी आपणहून सांगायचं, परत आणून द्यायचे, तपासाला हजर व्हायचं. मग कोर्टाला म्हणता येतं की ह्या माणसाला कोठडीत घालून आता काढायचं काय राहिलंय. पयला खांब अक्काच्या अंगणातला. तुमच्या हातानं उपटा. दुसरा आपल्या रानातल्या हिरीवरचा, तो म्या काल पोलिसांना दावला. त्यांनी पंचनामा केला. तुमाला आधी इचारलं न्हाय, त्याचा राग धरा.

काच खरवडली न्हाय. जीपच पोलिसांनी नेली, संगं माझा फोन बी तपासाला.

मथुरा

*

मुरूम
१८ जानेवारी २०२६

सौ. मथुराबाईस आशीर्वाद.

जामीन झाला.

पण आधी माझी काय दशा झाली ते ऐक. अक्काच्या अंगणातला खांब मी उपटला. नागम्मा दारात उभी राहून कानडीत काय काय म्हणत होती. गुंडाप्पाला इचारलं तर म्हणला, 'साहेब, आशीर्वाद द्यायलीय.' त्याचा चेहरा बघून मला तसं वाटलं न्हाय. मग निकालापर्यंत धरू नका असा कोर्टाचा तात्पुरता हुकूम घिऊन ठेकेदाराच्या ढाब्यावरचे, त्याच्या साडूच्या पोल्ट्रीवरचे, एकेक घर पोलिसांना दावत हिंडलो. जिथं फेटा बांधून भेटी दिल्या तिथंच हात जोडून परत मागायचं म्हणजे काय असतं ते तुला कळायचं न्हाय. एका पाव्हण्यानं तर 'बल्ब तेवढा राहू द्या' म्हणून घासाघीस केली.

कोर्टात या वेळी मी हूं का चूं केलं न्हाय. साहेबांनी इचारलं, 'बलभीम कोण?' तरी मी आधी वकीलबाईकडं बघितलं, उठू का म्हणून.

साहेबांनी जामीन दिला. अटी अशा की दर रविवारी मुरूमच्या ठाण्यात हजेरी, आन् दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत चिंचहोळच्या शिवेत पाऊल टाकायचं न्हाय. पंचायतीच्या कामात लुडबुड न्हाय. फोन तपासाला जमा. म्हणजे सुटलो बी आन् अडकलो बी.

वकीलबाई म्हणती ही शिवेची अट सैल करून घेता येईल. घरी बायको एकटी हाय, रानाची कामं अडलीत, असा अर्ज टाकायचा, त्याला तुझी सही लागंल. तू लगेच सही कर. हुरड्याचे दिवस जायलेत. इथं आता अंगणात अंधार, आन् त्या अंधारात अक्का माझ्या ताटात काय वाढती ते मला दिसत न्हाय.

मथुरा, गिरिजाबाईच्या मुठीचं काय झालं? सहज इचारलं.

बलभीम

*

चिंचहोळ
२ फेब्रुवारी २०२६

उत्कर्षचे बाबा यांस मथुराचा नमस्कार.

पोलिसांनी माझा फोन परत दिला. दाजींच्या फोनवर लावता आला असता. पर मुद्दाम पत्रच लिवायले. फोनवर मी 'आवो' म्हणूस्तवर तुमचं बोलून झालेलं असतं. पत्रात मधी तोडता येत न्हाय, हे मला आता कळलंय.

जामिनाचं ऐकलं तवा देवीफुडं दिवा लावला आन् खूप रडले. गेला महिनाभर भाकर गोड लागत नव्हती, आता लागती. तुमच्यावर राग होता, अजून थोडा हाय, पर तुमाला हातकडी घातलेलं मला बघवलं नसतं. हे बी तितकंच खरं.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा झाली. म्या झेंडा लावला, ते दर साली लावतेच, तुमी मागनं दोरी वढायचं सांगताव आन् मी वढते. पर या बारीला झेंड्यानंतर घरला आले न्हाय, खुर्चीवर बसले. कुणीतरी मागनं वरडलं, 'साहेब कुठं हायेत?' म्या म्हणलं, 'साहेबांना कोर्टानं गावात यायला बंदी घातलीय, तुमाला काय काम असंल ते मला सांगा.' मग रुद्रम्मा उठली, तिच्या गल्लीतल्या नळाचं बोलली. मग दुसरी उठली. दुपार झाली तरी बाया उठंनात. नवा ग्रामसेवक कागद फुडं सरकवून बोट दावायला लागला, 'इथं करा सही.' म्या म्हणलं, 'आधी वाचून दाव.' त्यानं वाचलं. एक वळ गाळली, ती म्या परत वाचाय लावली. मला घाम फुटला होता, पर त्याला जास्ती.

पोलिसांच्या ताब्यातले खांब कोर्टाच्या परवानगीनं परत मिळालेत. काल बसवले. गिरिजाबाईच्या बोळातला सगळ्यात आधी. ती शेरडाला म्हणली, 'उजेड पडला गं.' मी म्हशीला म्हणलं, 'उशीर झाला गं.' मूठ अजून पुरती वळत न्हाय तिची. तुमी इचारलंव, मला बरं वाटलं.

आता तुमच्या अर्जाचं. वकीलबाई सवता आल्या होत्या कागद घिऊन. म्हणल्या, 'काकू, बायकोची अडचण होतेय असं लिहिलंय. सही करा, म्हणजे काका पुढच्या महिन्यात घरी.' म्या सगळा कागद वाचला. 'घरी बायको एकटी असून तिला काही सुधरत नाही,' असं त्यात लिवलं होतं.

तुमी रागावचाल. पर म्या कागद घडी घालून बाईंना माघारी दिला. म्हणलं, घाई नको, दोषारोपपत्र दाखल झालं की अट आपसूक सुटंल, तवर राहू द्या. रविवारी ठाण्यात हजेरी द्या, गोळ्या येळेवर घ्या, अक्काच्या हातची भाकर निमूट खा. मी दर आठवड्याला गुंडाप्पाजवळ आंबाडी आन् चटणी धाडीन.

खोटं लिवत न्हाय, तुमच्याबिगर घर लई सुनं लागतं. संध्याकाळी चूल पेटवताना हमखास मागं वळून बघते.

पर पंचायत न्हाय लागत सुनी.

मथुरा